भारी गिटार, भारी वजन

प्रश्न: दादा, मी डोंबिवलीला राहतो. दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड गिटार घेतली, गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलच्या शेपची, अख्खी सॉलिड महोगनी. गिटार भारी आहे पण वजनालाही भारीच आहे, रद्दीवाल्याच्या काट्यावर साडेचार किलोच्या वर गेली. तासभर उभं राहून वाजवलं की डावा खांदा कामातून जातो. आमचा ड्रमर म्हणतो जितकी जड तितका सस्टेन (सूर टिकणं) जास्त, विकू नकोस. बेसवाला म्हणतो मागून भोकं पाडून हलकी करून घे. काय करू?

उत्तर: आधी तर गिटारच्या बाबतीत ड्रमरचं ऐकायचं नाही, हे मी अनुभवाने सांगतोय. आणि भोकं तर अजिबात पाडू नकोस, त्याच्यावर येतोच.

ही एवढी जड का ते बघ. लेस पॉलच्या बॉडीत माझ्या हिशोबाने साधारण पाच लिटर लाकूड असतं, म्हणजे पाण्याच्या एक लिटरवाल्या पाच बाटल्या शेजारी ठेवल्या तेवढं. आता त्यात नक्की कुठलं लाकूड आहे ह्यावर सगळा खेळ. खरी होंडुरन महोगनी लिटरला साधारण साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम भरते, पण तिच्या व्यापारावर २००३ पासून आंतरराष्ट्रीय परवान्यांची बंधनं आहेत, त्यामुळे बरेच बनवणारे आफ्रिकेतली खाया किंवा सापेली वापरतात आणि स्वस्तातल्या आशियाई गिटारींमध्ये न्याटो असतं, कॅटलॉगमध्ये मात्र सगळ्यांना सर्रास महोगनीच म्हणतात. सापेली लिटरला साडेसहाशेच्या आसपास जाते. बरं एकाच जातीच्या दोन झाडांच्या फळ्यापण सारख्या नसतात. म्हणजे दुकानात शेजारी टांगलेल्या दोन सेम मॉडेलमध्ये नुसत्या लाकडापायी अर्धा किलोचा फरक पडू शकतो, आणि तो ऐकून कळत नाही, उचलूनच कळतो.

आता सस्टेन. तार किती वेळ वाजते हे ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) किती घट्ट बसलाय, नटच्या (दुसऱ्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा कशा कापल्यात, नेक म्हणजे दांडी कितपत ताठ आहे आणि बॉडीत कशी बसलीये ह्यावर जास्त अवलंबून असतं. नुसत्या वजनाने काही होत नाही. १९६१ ला गिब्सनने लेस पॉल पातळ करून जे दोन शिंगांचं मॉडेल आणलं, ज्याला पुढे एसजी म्हणायला लागले, ते अख्खं महोगनीच, पण जाडी दीड इंचाच्याही आत आणि वजन बहुतेक वेळा तीन-सव्वातीन किलो. त्यातली एक मी वाजवलीये, कॉर्ड मारून चहा सांगून यावं तरी वाजतेय. त्यांचा प्रॉब्लेम वेगळा, बॉडी हलकी म्हणून हात सोडला की नेक खाली झुकते. म्हणजे खांदा वाचला तर डाव्या हाताला काम.

भोकांचं डोक्यात कुठून आलं ते मला माहितीये. १९५२ च्या मूळ लेस पॉलमध्ये मागे महोगनी आणि वर मेपल लाकडाची टोपी म्हणजे वेगळा थर, मेपल अजून जड. सत्तरच्या दशकात तर त्यातल्या बऱ्याच गिटारी पाच किलोकडे गेल्या, मग ऐंशीच्या दशकात कारखान्यातच महोगनीत नऊ भोकं पाडायला लागले आणि नंतर मोठे पोकळ कप्पेच कोरायला लागले. पण ते सगळं वरची टोपी चिकटवायच्या आधी होतं. तुझ्या गिटारला टोपीच नाहीये, म्हणजे भोकं मागून पाडावी लागणार, फिनिश गेलं, रीसेल गेली. आणि मिळणार काय? एक इंच रुंद, तीन सेंटीमीटर खोल अशी नऊ भोकं धरली तर मिळून जेमतेम ऐंशी ग्रॅम लाकूड निघतं. एका वडापावाएवढं पण नाही.

त्यापेक्षा तीन इंच रुंद लेदरचा पट्टा घे, आतून खरखरीत असलेला, आणि गिटार गुडघ्यावर लोंबकळत न ठेवता पोटाच्या उंचीवर आण. दिसायला कमी रॉक दिसेल, चालतंय. घरची प्रॅक्टिस बसून कर. आणि लोकलने दादरला वगैरे येणार असशील तर वजनापेक्षा हेडस्टॉकची, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाची काळजी कर. लेस पॉलच्या पद्धतीच्या गिटारीत तो मागे कललेला असतो, नेक एकसंध महोगनीची असेल तर तिथे लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात, त्यात ट्रस रॉडसाठी (नेक सरळ ठेवणाऱ्या सळईसाठी) आत कोरलेलं असतं, एक धक्का बसला की नटच्या मागे कट्ट. सकाळच्या फास्टमध्ये तर नेऊच नकोस, उशिराची स्लो पकड आणि बॅग पुढे घे. एवढं करूनही महिनाभरात खांदा दुखत राहिला तर सरळ विकून टाक, ड्रमरला विचारू नकोस.

प्रश्न: मागचं झाकण उघडलं तर आत जोडाची रेष दिसली, म्हणजे बॉडी दोन तुकड्यांची आहे. फसलो का? (ठाणे)

उत्तर: नाही. एवढी रुंद एकच फळी मिळणं महाग पडतं म्हणून दोन किंवा तीन तुकडे जोडतात, जोड नीट असेल तर तो लाकडाइतकाच मजबूत असतो. दुकानदाराने 'वन पीस' सांगून त्याचे पैसे घेतले असतील तर मात्र भांड.

प्रश्न: आमच्या गिरगावच्या खोलीत सासऱ्यांचं महोगनीचं टेबल आहे. मुलगा म्हणतो त्याची गिटार बनवू या. जमेल का, की टेबलही जाईल?

उत्तर: ताई, जमतं. क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे, त्याने १९६३ साली वडिलांबरोबर गिटार बनवायला घेतली, तिची नेक जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कापली होती, किड्याची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवून. (त्याच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे मुलाला सांगा, खूश होईल.)

पण तुमचं टेबल महोगनीचं असेलच असं नाही. आपल्याकडे 'महोगनी' हे पॉलिशच्या रंगाचंपण नाव आहे, आणि मुंबईतलं जुनं फर्निचर बहुतेक सागाचं नाहीतर शिसवीचं निघतं. फळीचं कापलेलं टोक जरा घासून बघा, सागात बारीक छिद्रांच्या ओळी गोल वळ्यांसारख्या दिसतात आणि हाताला तेलकट लागतं, महोगनीत छिद्रं सगळीकडे सारखी पसरलेली. शिसवी निघाली तर विसराच, लिटरला आठशे ग्रॅमच्या वर जाते, पोराला उचलवणार नाही. साग निघाला तर चालेल, थोडा जड पडेल. दुसरं म्हणजे बॉडीला पावणेदोन इंच जाडी लागते आणि टेबलाचा वरचा भाग फार तर एक इंच असतो, म्हणजे दोन थर चिकटवावे लागणार आणि अख्खं टेबल जाणार. सुताराला बोलवायच्या आधी एकदा खाली वाकून खिळे किती आहेत तेवढे मोजा.