जुन्या फोटोतली काळी मोटार कोणती, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या धरमपेठेतल्या घरासमोर आजोबा एका काळ्या गाडीला टेकून उभे आहेत, नंबरप्लेटवर फक्त 'सीपी' वाचता येतं, हेडलाइट मडगार्डातच बसवलेले आहेत आणि घरातले सगळे तिला ॲम्बेसेडर म्हणतात.

ॲम्बेसेडर ती नाही. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. नागपूर ज्याची राजधानी होती त्या सीपी अँड बेरारचं नाव १९५० मध्ये मध्य प्रदेश झालं. ॲम्बेसेडर त्यानंतर सात-आठ वर्षांनी आली. लँडमास्टर (ॲम्बेसेडरच्या आधीची हिंदुस्तानची गाडी) आणि डुक्कर फियाटही १९५४ च्या आधीच्या नाहीत, म्हणजे त्याही बाद. फक्त एवढं लक्षात ठेवा की नंबर गाडीबरोबर राहतो. त्यावरून नोंदणीचा काळ कळतो, फोटोचा नाही. शिवाय जबलपूर, रायपूर, अमरावती हे सगळं सीपी अँड बेरारमध्येच होतं, त्यामुळे गाडी नागपूरचीच असेल असंही नाही.

आता फोटो नीट स्कॅन करा. छोटी प्रिंट असेल तर १२०० डीपीआय, रंगीत मोडमध्ये, टिफ फाइल. काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच घ्या, पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात. निगेटिव्ह सापडली तर ती आधी. मोबाइलमधल्या 'फोटो स्पष्ट करा' छाप ॲपपासून मात्र लांब राहा. ती ॲप गाडीच्या पुढच्या पुसट जाळीच्या जागी स्वतःच्या मनाने पट्ट्या भरतात, आणि गाडीची ओळख नेमकी त्या पट्ट्यांवरच ठरते.

हेडलाइट मडगार्डात आहेत, म्हणजे बहुधा १९४० च्या दशकातली अमेरिकन गाडी (फोर्डने ते १९३७ पासूनच केलं होतं). युद्धामुळे १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेत खासगी मोटारी बनणं थांबलं. १९४५ मध्ये पुन्हा सुरू झालं तेव्हा जुनेच साचे वापरले. म्हणून १९४२ आणि १९४६-४८ च्या गाड्या अंगाने जवळजवळ सारख्या, आणि फरक बघायचा तो पुढच्या जाळीत. जाळीत आडव्या पट्ट्यांच्या मधोमध एक उभी पट्टी असेल तर १९४८ ची शेवरोले. आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकडी असेल तर डॉज. फोर्डमध्ये पार्किंगचे छोटे दिवे हेडलाइटखाली गोल असतील तर १९४७-४८, जाळीच्या वर आडवे असतील तर १९४६.

डॉजच्या बाबतीत हमखास फसगत होते. भारतात आलेल्या बऱ्याच डॉज खरं तर प्लिमथच्या अंगावर डॉजचं नाव लावलेल्या होत्या, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या (डॉज आणि प्लिमथ दोन्ही याच कंपनीच्या) गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्यामुळे बॉनेटवर डॉजचा मेंढा दिसला तरी अमेरिकन डॉजच्या चित्रांशी जुळवत बसू नका, प्लिमथच्या चित्रांशीही ताडून बघा. चाकाची झाकणं, बंपरवरचे जादा दिवे, हॉर्न यांवर अजिबात विसंबू नका. मालक ते बाजारातून आणून बसवत.

गाडी बाजूने पूर्ण दिसत असेल तर आजोबांची उंची मोजपट्टी म्हणून वापरा. त्या काळातली शेवरोले साधारण साडेसोळा फूट भरते, मॉरिस टेन या ब्रिटिश गाडीवरून बनवलेली हिंदुस्तान टेन साधारण तेरा फूट. हा हिशेब आजोबा गाडीला खेटून उभे असतील तरच जमतो. ते दोन पावलं कॅमेऱ्याकडे आले असतील तर गाडी उगाच लहान भरते.

फोटोच्या पाठीचाही स्कॅन करा. तिथे 'आग्फा-गेवर्ट' असं जोडनाव छापलेलं असेल तर तो कागद १९६४ नंतरचा. म्हणजे ती प्रिंट नंतर काढलेली, किंवा तोवर गाडीच बरीच जुनी झालेली.

जाळी आणि पुढच्या मडगार्डचा कोपरा एवढाच भाग कापून इथे टाकलात तर वर्षापर्यंत पोचता येईल. नंबराचे पुढचे आकडे दिसत असतील तर तेही राहू द्या, पुसू नका.