फुलं भरभरून, पण बोंड एकही टिकत नाही

प्रश्न : नमस्कार जी. नर्सरीतून आणलेल्या लाल गुलाबाच्या कलमाखालून रानटी फुटवा निघाला, त्याला पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येतात. म्या त्याच्यावर लाल गुलाबाचे पराग लावले, बोंड धरलं, बी उगवलं. आता तिसऱ्या वर्षी झाड फुलांनं लदबदते पण बोंडं पिवळी पडून गळतात. खत दिलं, दोनदा फवारलं. काऊन होत असन?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पहिले ते फवारे बंद करा, हा रोग नाहीच. तुमचा फुटवा मल्टिफ्लोरा या रानटी गुलाबाचा वाटतो, आपल्याकडे कलम बांधायला खुंट म्हणून तो वापरतात. गुलाबात क्रोमोसोम, म्हणजे पेशीतली गुणसूत्रं, सातच्या पटीत असतात, मल्टिफ्लोरात 14 अन मोठ्या फुलांच्या हायब्रीड टीमध्ये बहुतेक 28. प्रत्येक जण आपले अर्धेच देतो, म्हणजे लेकराला आईकडून 7, बापाकडून 14, झाले 21. वाढायला, फुलायला 21 चालतात, पण पराग अन बीजांड तयार होताना प्रत्येकाला जोडीदार लागतो अन इथं सगळे तीन-तीन, दोघांचं जमलं की तिसरा मोकळा, तो कोणत्या बाजूला जाईल काही नेम नाही. असे सात मोकळे. सातही एकाच बाजूला गेले तरच परागात नीट 7 किंवा 14 भरतात, अन नाणेफेकीचा हिशोब लावला तर ते 64 मध्ये एखाद्या वेळी. बाकी 9, 11 असे अर्धवट, म्हणून बहुतेक पोचट, बी धरत नाही अन बोंड गळते.

कापसात पण हेच. देशी 26, अमेरिकन 52, संकर केला तर 39, वांझ. पण शेतातलं बीटी हायब्रीड बहुतेक अमेरिकन-अमेरिकनचंच, दोन्हीकडून 26, म्हणून बोंडानं लदते. हायब्रीड म्हटलं की वांझ, असं पारावर कोणी सांगितलं तर ऐकू नका. अन तुमच्या झाडाला लाज वाटायचं कारण नाही, 1867 चा प्रसिद्ध ‘ला फ्रान्स’ गुलाबही 21 वालाच.

बी पाहिजेच असेल तर याचे पराग थंडीत एखाद्या हायब्रीड टीच्या भरपूर फुलांवर लावून पाहा, कळी उमलायच्या आधी तिचे पुंकेसर काढून. मे महिन्यात नका करू, आपल्या उन्हात चांगलेही पराग मरतात. जर्मनीतल्या नव्या गुलाबजाती तयार करणाऱ्या विल्हेल्म कोर्डेसनं ‘मॅक्स ग्राफ’ नावाच्या अशाच जवळपास वांझ गुलाबाचं बी पेरलं, त्यातल्या एका रोपात क्रोमोसोम आपोआप दुप्पट, 14 चे 28 झालेले (आधीचे 7-7 दोन वेगळ्या जातींचे, आपसात नीट जुळत नव्हते), सगळ्यांना जोडीदार मिळाला अन ते बी धरायला लागलं. दुप्पट करायचं औषध कोल्चिसिन कळलावीत असते पण ते जहर आहे, घरी त्याच्या नादी लागू नका. झाड आवडलं असेल तर पावसाळ्यात छाटकलम लावा, त्यासाठी बोंडाची गरजच नाही.