पेशी का घटल्या, हा प्रश्न कुठल्या शाखेचा?

पत्र: सर, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते, बारावी सायन्सला आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. गेल्या वर्षी आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. तिला पंचवीस लाईट, म्हणजे किरणोपचार, दिले आणि दर आठवड्याला केमोचं एक सलाईन. दर सोमवारी रक्त तपासायचे, ते रिपोर्ट मी वहीत उतरवून ठेवायचे. चौथ्या आठवड्यात ‘पेशी कमी झाल्यात’ म्हणून लाईट थांबवले आणि पेशी वाढायची इंजेक्शनं दिली. पांढऱ्या पेशी 1,400 वरून 6,100 वर गेल्या, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्या पांढऱ्या पेशींतले लिम्फोसाइट 24 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले, आणि पुढच्या रिपोर्टमध्येही त्या ओळीपुढे ‘कमी’ असाच शेरा येत राहिला. असं का, हे कुणाला विचारावं ते कळेना. मला याच क्षेत्रात काम करायचंय. वडील म्हणतात, नीटची परीक्षा दे. मला फिजिक्स जास्त आवडतं. मामा म्हणतात, मुलीच्या जातीनं किरणांच्या कामात पडू नये. मी काय करू?

उत्तर:

आई आता बरी असेल अशी आशा करतो. तू नाव छापू नका म्हणालीस, म्हणून नावाशिवाय लिहितो.

आधी तुझ्या वहीकडे वळू, कारण तुझ्या करिअरचा धागा मला तिथंच दिसतो. टक्केवारी बाजूला ठेव आणि प्रत्यक्ष संख्या काढ. 1,400 चे 24 टक्के म्हणजे 336. 6,100 चे 6 टक्के म्हणजे 366. म्हणजे लिम्फोसाइट घटलेच नव्हते, होते तिथंच राहिले होते. वाढल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 1,000 ते 4,000 लिम्फोसाइट असतात. आईचे त्याच्या निम्म्याच्याही खाली होते, आणि इंजेक्शनानंतरही खालीच राहिले.

ते इंजेक्शन बनवलेलंच असतं न्यूट्रोफिलसाठी. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतात, हाडांतला मगज ते सतत नव्यानं बनवत असतो. इंजेक्शन त्या मगजाला घाई करतं, म्हणून चारपाच दिवसांत आकडा वर येतो. डॉक्टरांनी लाईट थांबवले ते बहुधा याच पेशींसाठी. न्यूट्रोफिल हजाराच्या खाली गेले की साधा जंतुसंसर्गही अंगावर येऊ शकतो. लिम्फोसाइटचं तसं नाही. त्यातले बरेच वर्षानुवर्षं जगणारे असतात. त्यांच्यातल्या टी पेशी तयार होण्यासाठी छातीतली थायमस ग्रंथी लागते, आणि ती मोठेपणी आक्रसलेली असते. एकदा गेलेली संख्या भरून यायला म्हणूनच महिने लागतात, काहींना वर्षही. आईच्या रिपोर्टमधला ‘कमी’ हा शेरा त्या उपचारानंतर नेहमी दिसणारा आहे. तो कसा घ्यायचा हे तिचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही घरच्यांनी एवढंच पाळा: ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला की घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता लिम्फोसाइट का मरतात, ते बघू. 1906 मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी नियम मांडला, की ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना किरणांचा मार जास्त बसतो. आजही रेडिओथेरपीच्या पहिल्या वर्गात हाच नियम शिकवतात. लिम्फोसाइट मात्र या नियमात बसत नाही. रक्तात फिरणारा लिम्फोसाइट विभागत नसतो, शांत असतो, तरी तो शरीरातल्या सगळ्यांत नाजूक पेशींपैकी एक आहे. त्याला विभागणीपर्यंत थांबावं लागत नाही, डीएनएला इजा झाली की काही तासांत तो स्वतःच मरणाची प्रक्रिया सुरू करतो. लिम्फोसाइट असलेल्या ऊतींवर क्ष-किरणांचा असा परिणाम होतो हे हाइनेके नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1903 मध्येच प्राण्यांवर दाखवलं होतं, म्हणजे नियम येण्याच्या तीन वर्षं आधी. अपवाद आधी हाती आला आणि नियम नंतर, हे मला फार विलक्षण वाटतं.

किती किरण पुरतात? किरणांचा डोस ग्रे या एककात मोजतात. साधारण 2 ग्रेच्या आसपास निम्मे लिम्फोसाइट मरतात. आईला रोज दिलेला एक लाईट जवळपास तेवढाच, 1.8 ते 2 ग्रे, असतो. गाठ मारायला असे पंचवीस लागतात, लिम्फोसाइटना एकही भारी पडतो. रक्तपेढीत याच गोष्टीचा उपयोग करून घेतात. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे अशा रुग्णांना द्यायच्या रक्ताला आधी 25 ग्रे किरण देतात, म्हणजे दात्याचे लिम्फोसाइट निकामी होतात आणि ते रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत. लाल पेशी त्यातूनही कामाच्या राहतात.

आईच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या. मोठ्या माणसाचा रक्त बनवणारा मगज साधारण निम्मा कटीच्या हाडांत आणि कमरेच्या मणक्यांत असतो, आणि गर्भाशयमुखाचे लाईट नेमके तिथूनच जातात. त्यात केमोनंही मगजावर दाब येतो. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. रक्त वाहतं. विश्रांतीत असताना आपलं जवळपास पाच लिटर रक्त मिनिटाभरात शरीराची एक फेरी मारतं. मशीन चालू असताना पोटातून जे जे रक्त वाहतं, त्याला थोडेथोडे किरण लागतात. उद्या वेगळं रक्त, परवा आणखी वेगळं.

2013 मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं मेंदूच्या गाठीसाठी हे गणित मांडलं. मेंदूत रक्त बनवणारा हाडांतला मगज नाही, लसिका गाठी नाहीत, तरी तिथं लाईट घेतलेल्यांचे लिम्फोसाइट का पडतात, हा त्यांचा प्रश्न होता. रक्ताचा वेग, किरणांच्या झोताची जागा आणि मशीन चालण्याचा वेळ एवढ्यावरून हिशेब केला. एका लाईटमध्ये फक्त 5 टक्के रक्ताला 0.5 ग्रे किंवा त्याहून जास्त मिळतं. पण असे तीस लाईट झाले की 99 टक्के रक्ताला तेवढं मिळून गेलेलं असतं. हे काम वाच आणि मग मला सांग, हा प्रश्न जीवशास्त्राचा की फिजिक्सचा.

माझं उत्तर: दोन्हींचा, पण त्यावर उपाय करायची पहिली सूत्रं फिजिक्सवाल्यांच्या हातात आहेत. कटीच्या हाडांतला मगज वाचवून गाठीवर झोत कसा बसवायचा, क्षेत्र किती लहान ठेवता येईल, कमी दिवसांत उपचार संपवता येतील का, प्रोटॉनचा झोत वापरला तर मागच्या भागाला किती कमी लागेल, हे सगळं मेडिकल फिजिसिस्टच्या टेबलावर येतं. प्रोटॉनची सोय 2023 पासून आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रातही आहे. प्रतिकारशक्तीला जागं करणारी कॅन्सरची नवी औषधं आल्यापासून हे काम आणखी मोलाचं झालंय, कारण त्या औषधांना काम करायला लिम्फोसाइटच लागतात. एक सावधगिरी आत्ताच शिकून ठेव: लिम्फोसाइट फार कमी झालेल्या रुग्णांचे निकाल अनेक अभ्यासांत वाईट दिसतात, पण मोठ्या गाठीला मोठं क्षेत्र लागतं आणि मोठ्या क्षेत्रात पेशी जास्त मरतात. तेव्हा दोष पेशी कमी होण्याचा किती आणि गाठ मोठी असण्याचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

मेडिकल फिजिसिस्ट कोण, असं वडील विचारतील, कारण वॉर्डात तो फारसा दिसत नाही. रुग्ण यायच्या आधी सकाळी मशीनखाली पाण्याची टाकी किंवा प्लास्टिकचे ठोकळे ठेवून, त्यात बोटाएवढा आयन चेंबर घालून, मशीन सांगतं तेवढेच किरण देतं का हे तो मोजतो. डॉक्टर सीटी स्कॅनच्या एकेका चित्रावर गाठ आणि वाचवायचे अवयव रेखून देतात. मग संगणकावर प्लॅन बसवायला कधीकधी अख्खा दिवस जातो: मूत्राशयाचा डोस खाली आणला की हाडांचा वर जातो, हाडांचा आणला की आतड्याचा. ज्याला अशा ओढाताणीत मजा येते त्यानंच हे काम करावं. नियमानं प्रत्येक रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट असावाच लागतो, त्यामुळे या पदाला मागणी आहे.

रस्ता असा. बीएस्सी फिजिक्स, एमएस्सी फिजिक्स, मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, आणि त्यानंतर मान्यताप्राप्त रुग्णालयात एक वर्ष इंटर्नशिप. डिप्लोमाच्या जागा थोड्या आणि स्पर्धा कडक, म्हणून बीएस्सीपासून गुण सांभाळावे लागतात. मेडिकल फिजिक्समध्ये थेट एमएस्सीही करता येते, पण फी भरण्याआधी तो अभ्यासक्रम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटींत बसतो का, हे मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः वाच. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस.

वडिलांचा रस्ताही चुकीचा नाही. नीट, साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट पीजी आणि तीन वर्षांचं एमडी रेडिएशन ऑन्कॉलॉजी. रुग्णासमोर बसून वाईट बातमी सांगायची, उपचार थांबवायचा की पुढे न्यायचा हे ठरवायचं, हे काम डॉक्टरांचंच. आईचे लाईट थांबवणं हाही साधा निर्णय नव्हता, कारण गर्भाशयमुखाचा सगळा उपचार आठ आठवड्यांत संपवायचा असतो आणि लांबला तर गुण कमी येतो. असा निर्णय आपण घ्यावा असं तुला आतून वाटत असेल तर नीटला मन लावून बस. तुझ्या पत्रात मात्र मला ती ओढ दिसली नाही, आकड्यांमागचं कारण शोधायची दिसली. आई आजारी होती म्हणून डॉक्टर व्हायचं, एवढ्या एका कारणावर दहा वर्षं काढणं जड जातं.

तिसरी वाट लिम्फोसाइटच्या संशोधनाची. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, खारघरला ॲक्ट्रेक आहे. दोन्हीकडे पीएचडी करता येते. तिथं दिवस फ्लो सायटोमीटरवर जातो, एकेका पेशीला लेझरसमोरून नेऊन ती टी पेशी की बी पेशी हे मोजत. काम सुंदर आहे, पण स्थिर नोकरी उशिरा लागते. घरची परिस्थिती बघून याचा विचार कर. लवकर कमावणं गरजेचं असेल तर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्टचा पदवी अभ्यासक्रम आहे. आईला रोज टेबलावर नीट झोपवून खुणा जुळवणारी माणसं तीच, आणि त्या जुळणीत चूक झाली तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

मामांची काळजी मी झटकून टाकणार नाही. मशीन जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत असतं. किरण चालू असताना आत फक्त रुग्ण असतो, आणि लिनॅक, म्हणजे ते किरणांचं मशीन, बंद केला की त्याचे उपचाराचे किरणही बंद. काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर बॅज असतो आणि त्याची ठरावीक काळानं तपासणी होते. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. गरोदर असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम आणखी कडक आहेत, आणि ते मोडले तर विभागाला जाब द्यावा लागतो. या क्षेत्रात बायका पिढ्यान्‌पिढ्या काम करताहेत. मामांना एकदा त्या विभागात सोबत ने, बॅज आणि दारावरचा दिवा दाखव.

आता यंदाचं. गणित सोडू नकोस, ते सोडलंस तर फिजिक्सची पदवी हातची जाईल. नीटचा फॉर्म भर, वडिलांचं मन राहील आणि तयारी वाया जाणार नाही. त्याच्या जोडीला विज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थांच्या दोन प्रवेश परीक्षांचे, म्हणजे आयसरची आयएटी आणि नायसर व मुंबईच्या सीईबीएसची नेस्ट, हे दोन फॉर्म नक्की भर. दोन्ही परीक्षांत चारही विषय येतात आणि तू चारही शिकते आहेस. तिथं सुरुवातीला सगळे विषय शिकवतात, पुढे फिजिक्स की बायॉलॉजी हे नंतर ठरवता येतं. हे कुठंच जमलं नाही तर सोलापूर किंवा पुण्याच्या चांगल्या कॉलेजात बीएस्सी फिजिक्स, त्यात कमीपणा काही नाही. या वाटेनं जाणारे पुष्कळ जण तिथूनच गेलेत.

आईच्या पुढच्या तपासणीला गेलीस की विभागात विचार, फिजिसिस्ट पंधरा मिनिटं देतील का. त्यांना दोनच प्रश्न विचार: आईच्या प्लॅनमध्ये हाडांतल्या मगजाला किती डोस गेला, आणि तो कमी करता आला असता तर त्याची किंमत कुठल्या अवयवानं मोजली असती. ते काय म्हणाले ते मला लिहून कळव, फॉर्म भरायच्या आधी.