सही राहू द्या, आधी टाचणी बघा

तुमचा प्रश्न असा: पॅरिसच्या जुन्या बाजारात घेतलेलं, ड्रेसचं पेन्सिल आणि गुवाश (अपारदर्शक जलरंग) यांतलं चित्र. कोपऱ्यात टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा, खाली ‘दिओर’ अशी सही. हे खुद्द फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियाँ दिओर यांच्या हातचं असेल का?

फोटोवरून छातीठोकपणे कुणी सांगू नये. पण मी सही सगळ्यात शेवटी बघते. फॅशन हाउसच्या वर्करूममधल्या (जिथे कपडे बेतले-शिवले जातात) कागदावर ती सहसा नसतेच, आणि मागाहून कुणीही ठोकू शकतं.

दिओर चित्रं काढायचे यात वाद नाही. १९४७ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या नावाचं पहिलं कलेक्शन आणण्याआधी, तिशीच्या दशकात, ते स्केचेस विकूनच पोट भरत. पण डिझायनरचं कच्चं स्केच म्हणजे भराभर ओढलेल्या रेघा: खांदा, कंबर, घेर. त्यावरून वर्करूमची मुख्य कारागीर मांजरपाटात नमुना बेतायची, ‘तोआल’. डिझाइन मंजूर झालं की नीटनेटकं चित्र बहुधा दुसरंच कुणी काढायचं: नंबर, कापडाचा तुकडा आणि पाठमोरी बाजूसुद्धा. नकलेपासून संरक्षण म्हणून डिझाइनची नोंदणी करायलाही अशी चित्रं लागत. नक्कल हा तेव्हा पॅरिसचा मोठाच ताप. शोमध्ये रेखाटायला मनाई, मग लोक बाहेर पडून आठवणीने काढायचे!

म्हणून फार देखणं, पूर्ण रंगवलेलं चित्र दिसलं की मी उलट सावध होते. ते मासिकासाठीचं असेल (फॅशन-चित्रकार रने ग्रुओ यांचं नाव त्यातच गाजलं), नकलेसाठी विकलेलं असेल, किंवा एखाद्या विद्यार्थ्याचा गृहपाठही.

तुमच्या दुसऱ्या फोटोतली टाचणी मात्र मला आवडली. तिचा गंज कागदात उतरलाय, आणि तुकड्याची कड उचलली तिथे खालचा कागद कमी पिवळा आहे. म्हणजे तुकडा हल्ली लावलेला नाही. टाचणी ओढून काढू नका, कागद फाटेल. लॅमिनेशन तर चुकूनही नको.

अल्ट्राव्हायलेट टॉर्चखाली कागद निळसर चमकला, तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन, आहे. ते कागदात रुळले साधारण १९५० पासून. त्यामुळे विकणारा १९४७ म्हणत असेल तर तिथेच शंका घ्या; १९५६ म्हणत असेल तर या चाचणीने काहीच ठरत नाही. आणि दिओर १९५७ च्या ऑक्टोबरात गेले, त्यापुढची तारीख असेल तर प्रश्नच मिटला.

मागच्या बाजूचा फोटो टाका, दिवसाच्या उजेडात. नंबर, शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, जे असेल ते दिसू द्या.