कुत्र्याच्या खाजेसाठी माणसांच्या फिश ऑइल कॅप्सूल चालतील का? किती द्यायच्या?

तुमचा लॅब्राडोर चार वर्षांचा, 28 किलोचा, पोटाखालचे केस खाजवून गेलेत आणि घरात वडिलांच्या कॅप्सूल पडून आहेत, असं लिहिलंय तुम्ही. चालतात. पण आधी डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. त्यावर 'कॉड लिव्हर ऑइल' असेल तर जिथून घेतली तिथं परत ठेवा. फिश ऑइल वेगळं, कॉड लिव्हर ऑइल वेगळं. सांगलीत जनावरांच्या औषधांच्या काउंटरवर उभा राहून हे रोज सांगतो. गिऱ्हाईक ऐकतं, आमचे कराडचे दाजी ऐकत नाहीत.

फिश ऑइल काढतात तारली, अँकोव्हीसारख्या तेलकट माशांपासून. कॉड लिव्हर ऑइल कॉडच्या यकृतातून, आणि यकृत म्हणजे अ आणि ड जीवनसत्त्वांचं कोठार. ही दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जात नाहीत. अंगात साठतात.

दाजींचा कुत्रा 32 किलोचा, मागच्या पायांनी जड झालेला. दाजींनी सांध्यांचा डोस कुठून तरी शोधला आणि तो बरोबर होता, हे मान्य करतो: ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातली कामाची ओमेगा-3 चरबी) मिळून दिवसाला साधारण 4200 मिलिग्रॅम. तो भरून काढायला त्यांनी कॉड लिव्हरची बाटली आणली. सकाळी दोन चमचे, रात्री दोन. बाटलीवर छापलेलं होतं: दर 5 मिलीत, म्हणजे एका चमच्यात, अ 4000 युनिट, ड 400. म्हणजे दिवसाला ड झालं 1600. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला दिवसभराचं सगळं खाणं धरून ड ची वरची मर्यादा येते 1400 च्या आसपास. पाकिटातल्या खाद्यात ड असतंच. शिवाय 'हाडं मजबूत व्हावीत' म्हणून कॅल्शियमचं सिरप चालू, त्यात परत डी-थ्री, म्हणजे ड च. एका हौदात तीन नळ सोडले आणि वर म्हणतात, मासा तोच, तेल तेच.

अडीच महिन्यांत पाण्याचं पातेलं दिवसातून चारदा रिकामं व्हायला लागलं. रात्री फरशीवर लघवी, सकाळी उलटी, जेवणाला तोंड नाही. दाजी म्हणाले, उन्हाळा आहे. रक्त तपासलं तर कॅल्शियम 13 च्या वर. 12 च्या पुढं आकडा दिसला की डॉक्टर सावध होतात, कारण ते कॅल्शियम मूत्रपिंडात जाऊन बसतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतं ते) अजून हद्दीत होतं म्हणून सलाइनवर निभावलं. तेल आणि सिरप त्याच दिवशी बंद केलं, तरी आकडा खाली यायला आठवडे गेले. ड चरबीत मुरलेलं असतं, ते हळूहळू सुटतं. डोस बरोबर, बाटली चुकीची.

आता तुमचा हिशोब. डोस किलोमागं सरळ गुणून काढत नाहीत. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर वजनाला वजनानं दोनदा गुणा (28 × 28 × 28) आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ दोनदा घ्या. 12.17 येईल. त्याला त्वचेसाठी 125 नं गुणा: साधारण 1500 मिलिग्रॅम. सांध्यांसाठी 310 नं. 370 नं गुणून येतो तो कडेलोट, तुमच्या बाबतीत 4500; त्याच्या पलीकडं जायचं नाही. हे सगळे आकडे ईपीए अधिक डीएचएचे आहेत, तेलाचे नाहीत. इथंच निम्मे लोक फसतात. डबीवर ठळक छापलेलं '1000 मिलिग्रॅम' हे तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये त्यातलं ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचं फक्त 300. तेव्हा तुम्हाला पाच कॅप्सूल.

पाच एकदम देऊ नका. पहिला आठवडा एक, मग दर आठवड्याला एक वाढवा, जेवणातच. शौच पातळ झालं की एक पायरी खाली या. कुत्रा जाड असेल तर खाणं थोडं कमी करा. पाच ग्रॅम तेल म्हणजे 45 कॅलरी. सांध्यांच्या डोसला साध्या बारा-तेरा कॅप्सूल लागतील, तिथं जास्त तीव्रतेच्या घ्या.

देण्याआधी एक कॅप्सूल सुईनं टोचून स्टीलच्या चमच्यात पिळा आणि वास घ्या. माशाचा हलका वास ठीक. खवट खोबऱ्याचा किंवा रंगाच्या डब्याचा आला तर सगळी डबी कचऱ्यात. हे तेल हवा, उजेड आणि उष्णतेनं बिघडतं, आणि सांगलीचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. खिडकीत ठेवलेली बाटली महिनाभरही धरत नाही. फ्रीजमध्ये ठेवा, फोडल्यावर दोन महिन्यांत संपवा.

यावर दाजींचं पुढचं पालुपद: मग जवस द्या, घरचं आहे. जवसात ओमेगा-3 आहे, पण वेगळ्या जातीचं. त्याचं ईपीए करण्यात कुत्र्याचं शरीर कच्चं, मांजराचं तर जवळपास शून्य. आणि जवसाची चटणी घालणार असाल तर त्यात लसूण असतो. लसणानं कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात. चिपळूणहून घाट चढून येणारा बांगडा उकडून, काटे काढून, मीठ न घालता दिला तर छान. सुकट-बोंबील नको, खारट. नदी-तलावातल्या चिलापीत ही चरबी फारशी नसते.

मांजराला कुणी देणार असेल तर खाण्यात मिसळूनच. सिरिंजनं तोंडात तेल सोडू नका, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. तुमच्याकडची खाज बहुधा तेलाच्या कमतरतेची नाही. कानाच्या पाळीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. शेपटीच्या मुळाशी जास्त खाजवत असेल तर पिसवा. पोटाखालचे केस जातायत तर कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, खरजेचा किडा असेल तर पाच काय पन्नास कॅप्सूलनं जाणार नाही. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना करतो. गुंता वाढला तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेलाचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि ते आधार आहे, औषध नाही. नसबंदी किंवा दुसरं ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना सांगून आठ-दहा दिवस आधी बंद करा, रक्त गोठायला वेळ लागू शकतो. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर सुरूच करू नका. गोड, फळांच्या स्वादाचं तेल घेतलंत तर त्यात झायलिटॉल नाही ना ते बघा. कुत्र्याला ते विष आहे.

दाजी, तुम्ही हे वाचणारच. फडताळातली ती अर्धी बाटली आता टाका. मुदत मार्चमध्येच संपली, मी बघितलीय.