१० वर्षांनंतर पुन्हा रीफ टँक (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) लावायचा आहे. जुन्या सामानातलं काय चालेल आणि मधल्या काळात काय बदललं?

तुमच्याकडे ४ फुटी काचेचा टँक आहे (१२० × ५० × ५० सेंमी), लाइव्ह रॉक (समुद्रातले, जीवांनी भरलेले खडक) वाळवून खोक्यात ठेवलेले आहेत आणि मेटल हॅलाइडचा दिवा आहे, असं तुम्ही लिहिलंय. खालचे आकडे याच टँकसाठी देतोय. खडक-वाळूने अडवलेली जागा वजा करून आणि संप (टँकखालची जोड टाकी) धरून खरं पाणी साधारण ३०० लिटर होईल.

दिवे आणि पंप सुधारले हे तुम्हाला दुकानात शिरताच कळेल. माझ्या मते मोठा बदल वेगळाच आहे. पूर्वी खडक समुद्रातून यायचा आणि त्याच्याबरोबर अर्धी परिसंस्था घरात यायची: स्पंज, किडे, कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव), असंख्य जीवाणू. आता समुद्रातला खडक मिळणं अवघड झालंय. दगडी प्रवाळ आणि लाइव्ह रॉक साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाहीत, आणि फिजीसारख्या मोठ्या पुरवठादार देशाने डिसेंबर २०१७ मध्ये निर्यातच थांबवली. त्यामुळे बहुतेक नवे टँक कोरड्या, निर्जीव खडकावर सुरू होतात. आपण मात्र नायट्रेट-फॉस्फेटची जुनी भीती मनात धरून पहिल्या दिवसापासून पाणी 'स्वच्छ' करत सुटतो. रिकामा खडक आणि पोषकद्रव्यं शून्य, या जोडीवर डायनोफ्लॅजेलेट (तपकिरी, चिकट थर करणारे एकपेशीय जीव) फोफावतात. परत आलेली जाणती माणसं फसतात ती इथे.

आधी जुनं सामान. टँक पाणसळ लावून सपाट जागी ठेवा, काठोकाठ गोडं पाणी भरा आणि ७ दिवस तसाच राहू द्या. सिलिकॉनच्या सांध्यात बुडबुडे, पिवळटपणा किंवा नखाने सुटणारी कड दिसली तर आतला थर खरवडून टँक नव्याने सील करा. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर नीट चिकटत नाही, म्हणून नुसता वरून पट्टा मारू नका. पंप आणि स्किमरचे (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचे) इम्पेलर म्हणजे आतले फिरते पंखे सायट्रिक ॲसिडच्या किंवा पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, चुन्याचा थर सुटतो. जुने टेस्ट किट, आरओचा पडदा, डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार काढणारे दाणे), होज आणि हीटर मात्र टाकून द्या. जुन्या हीटरवर एक पैचाही भरवसा ठेवू नका. जुनी वाळूही नको.

खडकाबाबत एक गोष्ट जिवावरची आहे, म्हणून जरा सविस्तर. त्यावर पूर्वी पॅलिथोआ किंवा झोआंथिड (बटणांसारखे दिसणारे प्रवाळांचे नातेवाईक) असतील तर खडक उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरडा खरवडू नका. या जीवांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं आणि उकळताना उडणाऱ्या वाफेतून ते श्वासात गेल्याने माणसं रुग्णालयात पोचली आहेत. हातमोजे आणि चष्मा घालूनच खडक हाताळा. उघड्या हवेत, १० भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच घेऊन, आत छोटा पंप फिरवत २४ ते ४८ तास भिजत ठेवा. मग भरपूर धुवा, क्लोरीन घालवणारं द्रावण वापरा आणि ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा. ब्लीच आणि ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. त्यानंतर खडक झाकणाच्या टाकीत, अंधारात, खाऱ्या पाण्यात २ ते ३ आठवडे फिरत्या पाण्याखाली ठेवून फॉस्फेट मोजा. जुना खडक फॉस्फेट पाझरत राहतो. आकडा ०.३ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) वर चढत असेल तर पाणी बदलून पुन्हा भिजवा. त्या टँकमध्ये कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर मात्र हा खटाटोप करूच नका, तो खडक बाद.

गॅलनला १ पाउंड हा जुना हिशेब आता कुणी पाळत नाही. ३०० लिटरला २० ते २५ किलो पुष्कळ झाला. खडक थेट तळाच्या काचेवर बसवा आणि वाळू नंतर ओता. वाळूवर रचलेला खडक बिळं करणाऱ्या माशाने किंवा झिंग्याने पोखरला की कोसळतो. वाळू १ ते २ मिमीची, ३-४ सेंमी थर, म्हणजे ३० किलोच्या आसपास.

पाणी आरओ-डीआयचंच, टीडीएस (विरघळलेले क्षार) ० दाखवणारं. आरओ सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी जास्त टीडीएसचं असतं. ते रेझिनमधून जाऊ न देता फेकलंत तर रेझिन कितीतरी जास्त टिकतं. मीठ (खाण्याचं नव्हे, रीफ टँकसाठीचं मिश्रण) लिटरला साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे पूर्ण टँकला ११ ते १२ किलो. पाण्यात पंप चालू ठेवून मीठ थोडंथोडं सोडा, मिठावर पाणी ओतू नका. तसं केलं की दुधासारखा ढग उठतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा साका असतो आणि अल्कलिनिटी (प्रवाळांना सांगाडा बांधायला लागणारे विरघळलेले कार्बोनेट) तिथेच कमी होते. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशाला विशिष्ट गुरुत्व १.०२६. काट्याचा जुना हायड्रोमीटर नको, काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो चुकीचा आकडा दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा मोजणारं उपकरण) ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने जुळवा, फक्त शुद्ध पाण्याने शून्यावर आणून भागत नाही.

मीठ घालण्याआधी, गोडं पाणी आत असतानाच, रिटर्न पंप (संपमधून पाणी टँकमध्ये परत चढवणारा) बंद करून बघा. टँकमधलं किती पाणी संपमध्ये उतरतं ते पाहा आणि थांबल्यावरच्या पातळीला संपवर मार्करने रेघ मारा. चालू असताना पाणी किती उंच चालेल तेही त्यावरून ठरवा. रिटर्नच्या नळीला पृष्ठभागाच्या जरासं खाली छिद्र असलं की सायफन तुटतो, फक्त ते छिद्र दर महिन्याला साफ करा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, चुना साठून तो अडकतो आणि नेमका वीज गेल्यावर उघडा राहतो.

हीटर १५० वॉटचे दोन घ्या, बाहेरच्या कंट्रोलरवर, २५.५ अंशावर. एक बंद पडला तर दुसरा सावरतो आणि एक चालूच राहिला तरी एकटा टँक शिजवत नाही. विजेला आरसीडी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं उपकरण) असायलाच हवं, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्या म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जाणार नाही. बाष्पीभवनाची भर ऑटो टॉप-ऑफने फक्त गोड्या आरओ पाण्याची घाला, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. त्याची टाकी २० लिटरपेक्षा मोठी नको: सेन्सर अडकून २० लिटर सगळं टँकमध्ये गेलं तर खारेपणा ३५ वरून ३३ च्या जवळ येतो, ६० लिटर गेलं तर २९ वर. पहिल्यातून सगळे वाचतात, दुसऱ्यातून प्रवाळ वाचतीलच असं नाही. संपमधून तासाला १२००-१५०० लिटर फिरलं की बास. खरा प्रवाह टँकमधल्या दोन वेव्हमेकरनी (पाणी ढवळणाऱ्या पंपांनी) द्या, मिळून तासाला १० ते १२ हजार लिटर.

दिव्याबद्दल: मेटल हॅलाइड अजूनही उत्तम प्रकाश देतो, पण बल्ब दरवर्षी बदलावा लागतो आणि उष्णता फार. एलईडी घेतलात तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. निळा प्रकाश आपल्याला मंद वाटतो, म्हणून हॅलाइडची सवय असलेला माणूस तो वाढवत नेतो आणि आठवड्याभरात प्रवाळ पांढरे पडतात. पार मीटर (प्रवाळांना वापरता येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) भाड्याने किंवा उसना आणा. मऊ प्रवाळांना ५०-१००, मोठ्या पॉलिपच्या दगडी प्रवाळांना ७५-१५०, अक्रोपोराला (फांद्यांच्या नाजूक दगडी प्रवाळाला) २००-३५० पार. सुरुवात अंतिम तीव्रतेच्या निम्म्याने करा, ४ ते ६ आठवड्यांत चढवा, दिवसाला ८-९ तास.

आता जीवाणू, म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे. त्यांना अमोनिया मिळावा म्हणून कोळंबी सडवायची जुनी पद्धत विसरा. अमोनियम क्लोराइड १.९ ग्रॅम ३०० लिटरला घातलं की अमोनिया २ पीपीएम होतो. बाटलीतले जीवाणू त्याच दिवशी घाला, स्किमर आणि यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा अतिनील दिवा) बंद ठेवा, दिवे बंद. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य झाला की टँक मासे पेलू शकतो. बाटली असेल तर २-३ आठवडे, नसेल तर ६ सुद्धा. नायट्राइटची धास्ती नको, खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड माशांना त्यापासून वाचवतं. फक्त नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटची टेस्ट फुगवून आकडा दाखवते, म्हणून त्या काळातला नायट्रेट खरा धरू नका. प्रत्येक २ पीपीएम अमोनियामागे सुमारे ७ पीपीएम नायट्रेट तयार होतं, ते तसंच राहू द्या.

याच वेळी टँकमध्ये जीव आणा. निरोगी, जुन्या टँकमधला १-२ किलो खडक किंवा मूठभर वाळू, जिवंत कोपेपॉड, फायटोप्लँक्टन (तरंगतं सूक्ष्म शेवाळ). एखादा ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) आलाच तर त्याच्याशी लढता येतं, निर्जीव खडकाशी लढणं जास्त कठीण आहे. नायट्रेट ५-१०, फॉस्फेट ०.०५-०.१ पीपीएम ठेवा. शून्य नको. फॉस्फेट शोषणारं जीएफओ पहिले ६ महिने डब्यातच राहू द्या.

काही आठवड्यांत तपकिरी थर येईल. तो डायटम (सूक्ष्म शेवाळ) असेल तर आपोआप जातो. लालसर-जांभळी, पापुद्र्यासारखी निघणारी चादर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. पण तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री विरळ आणि दुपारी दाट असं दिसलं तर परीक्षा करा: पिपेटने थोडं ओढून छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, कागदी गाळणीतून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा धागे जुळून आले तर ते डायनोफ्लॅजेलेट. मग पाणी बदलणं थांबवा, नायट्रेट-फॉस्फेट वर सांगितलेल्या आकड्यांपर्यंत चढवा, धागे सायफनने ओढून बारीक पिशवीतून गाळून पाणी परत सोडा. शक्य असल्यास ४०० पट सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ऑस्ट्रिऑप्सिस ही डायनोफ्लॅजेलेटची जात असेल तर तो रात्री पाण्यात तरंगतो, त्याच्यावर यूव्ही चालतो. ॲम्फिडिनियम ही दुसरी जात वाळूतच बसून राहते, तिथे यूव्हीचा उपयोग नाही. सिलिकेट देऊन डायटम वाढवले तर ते ॲम्फिडिनियमची जागा बळकावतात. दोन्हींत महिना-दोन महिने धीर लागतो.

मासे एकेक करून, आणि प्रत्येक मासा आधी वेगळ्या ४०-५० लिटरच्या टँकमध्ये ४ ते ६ आठवडे. स्पंज फिल्टर आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. तांब्याचं औषध फक्त तिथेच. मखमली रोग म्हणजे ॲमिलोओडिनियम काही दिवसांत सगळे मासे नेतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरियन मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस रिकामा ठेवायची वेळ येते. एक चांगली बातमी: यलो टँग हा पिवळा समुद्री मासा २०१५ मध्ये हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने पहिल्यांदा टाकीत वाढवला आणि आता तो मासा टाकीतच जन्मलेला मिळू शकतो. मिळत असेल तर तोच घ्या, पण सगळ्यात शेवटी सोडा.

प्रवाळांचे तुकडे औषधी पाण्यात बुडवून घ्या, पण अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा. तळाचं प्लग (तुकडा ज्यावर चिकटवलेला असतो ती छोटी चकती) तोडून तुकडा नव्या प्लगवर चिकटवलात तर निम्मी कीड तिथेच जाते. आधी मश्रूम, लेदर हे मऊ प्रवाळ आणि झोआंथिड. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हॅमर, टॉर्च हे मोठ्या पॉलिपचे दगडी प्रवाळ.

दगडी प्रवाळ आले की रोजची मोजणी अल्कलिनिटीची. ८ ते ८.५ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) धरा, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या पुढेमागे. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची, दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका. खप काढायला ३ दिवस पाणी न बदलता, काही न घालता, एकाच वेळी मोजा. समजा सोमवारी ८.४ आणि गुरुवारी ७.५ आलं, तर रोजचा खप ०.३. खाण्याचा सोडा ९ ग्रॅम ३०० लिटरला १ डीकेएच वाढवतो, म्हणजे रोज २.७ ग्रॅम, आरओ पाण्यात विरघळवून, जोराच्या प्रवाहात हळूहळू. १ डीकेएच खर्च झाला की कॅल्शियम साधारण ७ पीपीएम खर्च होतो, त्यामुळे तो आठवड्यातून एकदा मोजला तरी चालतं.

अक्रोपोरासाठी ९ ते १२ महिने थांबा. मागच्या काचेवर जांभळं कोरलाइन शेवाळ स्वतःहून पसरू लागलं की एकाच जातीचे दोन छोटे तुकडे आणा, एक उंचावर आणि एक मध्यावर लावा, आणि महिनाभर दुसरं काही घेऊ नका. दोन्हींच्या बुडाशी नवी कड प्लगवर पसरताना दिसली की पुढचे तुकडे आणायला हरकत नाही.