परस्पर उद्दिष्टे की सामाईक उद्दिष्टे?

एका वाचनालयाच्या चिटणीसांचा प्रश्न आहे. त्यांची संस्था आणि जवळचे महाविद्यालय यांच्यात सामंजस्य करार होतो आहे. मसुद्यात वाक्य आहे : 'दोन्ही संस्था परस्पर उद्दिष्टे निश्चित करतील.' हे बरोबर आहे का, की 'समान उद्दिष्टे' लिहावे?

वाक्य बदलाच. 'परस्पर' म्हणजे एकमेकांचा, एकमेकांशी, हा संस्कृतातला अर्थ मराठीत नामाला चिकटून टिकला आहे : परस्पर सहकार्य, परस्परविश्वास, परस्परसंमती. पण रोजच्या बोलण्यात हा शब्द क्रियापदाकडे ओढला जातो आणि अर्थ फिरतो. 'भावाने जमीन परस्पर विकली', 'त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.' म्हणजे ज्याला विचारायला हवे त्याला वगळून. आता तुमचे वाक्य कार्यकारिणीत मोठ्याने वाचून पाहा. दोन्ही संस्था एकमेकींना न विचारता उद्दिष्टे ठरवणार, असेच ऐकू येईल.

'समान' चुकीचा नाही, पण अपुरा आहे. समान म्हणजे सारखे. शेजारच्या दोन शेतांना पाण्याची समान गरज असते, म्हणून विहीर एक होत नाही. विहीर सामाईक म्हटली की पाण्यावर दोघांचा हक्क आला आणि गाळ काढायचा खर्चही दोघांवर आला. सामाईक भिंत, सामाईक बांध, गणितातला सामाईक विभाजक, सगळीकडे हाच भाव आहे. करारात तुम्हाला तोच हवा आहे. (काही जण 'सामायिक' लिहितात. मी 'सामाईक' लिहितो, कारण जैन घरांत सामायिक म्हणजे ४८ मिनिटांची साधना.)

'उद्दिष्ट' मात्र ठेवा, त्या जागी 'ध्येय' नको. ध्येय म्हणजे ज्याचे ध्यान करावे ते. त्याची जागा प्रस्तावनेत. उद्दिष्टात 'दिश्' धातू आहे, म्हणजे बोट ठेवून दाखवलेले. वसुलीचे उद्दिष्ट, लसीकरणाचे उद्दिष्ट असे आपण म्हणतो, तेव्हा मागोमाग आकडा आणि तारीख येते. तुमच्याही मसुद्यात ती यायला हवी.

शीर्षकात 'भागीदारी' घालायचा मोह कोणाला झाला तर आवरा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदारी म्हणजे धंद्याचा नफा वाटून घेण्याचे नाते. 'सामंजस्य करार' हेच ठीक.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. महाविद्यालयाला विद्यार्थ्यांसाठी कामाचा अनुभव हवा असेल, तुम्हाला ग्रंथसूची हवी असेल. हे दोन वेगळे हेतू आहेत. ते ज्याच्या त्याच्या नावाखाली लिहा, उगाच एकत्र कालवू नका. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १३ संमती कशाला म्हणते? दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार देणे. मसुदा लिहिताना मी हे कलम नेहमी आठवतो.

तुमचे वाक्य मी असे लिहीन :

'दोन्ही संस्थांनी मिळून ठरवलेली सामाईक उद्दिष्टे अशी : (१) वाचनालयातील १९५० पूर्वीच्या सर्व ग्रंथांची सूची ३१ मार्चपर्यंत पूर्ण करणे, (२) ती सूची दोन्ही संस्थांच्या वाचकांना विनामूल्य खुली करणे. यांत बदल करायचा झाल्यास तो दोन्ही संस्थांच्या लेखी संमतीनेच होईल.'

'परस्परसंमतीने' लिहिलेत तरी चालेल. तिथे तो शब्द आपल्या जागी आहे.